एकोणीस पूर्ण

११ एप्रिल म्हटले की महाराष्ट्राला आठवतात ते महात्मा जोतीराव फुले. १८२७ साली या दिवशी त्यांचा जन्म झाला. सातारा जिल्ह्यातले कटगुण हे त्यांच्या घराण्याचे मूळ गाव. तिथपासून सांगलीपर्यंत आज पुतळ्यांना हार चढतील, भाषणे होतील. सरकारी दिनदर्शिकेत याच तारखेला आणखी एक नोंद असते, ती मात्र आरोग्य केंद्राच्या फलकापलीकडे सहसा जात नाही. आज राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन आहे. २००३ पासून तो पाळला जातो आणि ११ एप्रिल ही तारीख निवडली गेली ती कस्तुरबा गांधींचा जन्मदिवस म्हणून. कस्तुरबांचे लग्न १८८३ साली झाले तेव्हा त्या तेरा-चौदा वर्षांच्या होत्या. १८८५ मध्ये पहिले मूल झाले आणि तीन-चार दिवसांत गेले. गांधीजींनी आत्मकथेत हे लिहिले आहे आणि लिहिताना स्वतःला मोकळे सोडलेले नाही. सुरक्षित मातृत्वासाठी देशाने जिचा जन्मदिवस निवडला, तिचे स्वतःचे पहिले मातृत्व कोवळ्या वयातले आणि असुरक्षित होते, हे फलक रंगवणाऱ्यांच्या ध्यानात येत नसावे.

हे गुजरातेतले झाले म्हणावे, तर आपल्याकडे आनंदीबाई जोशी आहेत. जन्म १८६५, लग्न नवव्या वर्षी, मूल चौदाव्या वर्षी, आणि ते मूल दहा दिवसांत गेलेले. त्या दुःखातून त्यांची डॉक्टर होण्याची जिद्द उभी राहिली, असे आपण शाळेत शिकवतो. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी, १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, मृत्यू. चौदाव्या वर्षीचे ते बाळंतपण त्यांच्या चरित्रात एखाद्या पायरीसारखे सांगितले जाते. ते मुळात कुणी लादले होते आणि का, हा प्रश्न वर्गात विचारला जात नाही. विचारला तर पहिल्या बाकावरच्या मुली आपापल्या घराकडे बघू लागतील, ही भीती असावी.

कारण ही गोष्ट इतिहासात जमा झालेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ च्या सुमारास, महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ८.३ होते. या वयाच्या साठ मुली एका वर्गात बसवल्या, तर त्यातल्या चार-पाच जणी. त्याच फेरीत देशाची सरासरी ६.८ होती. पुरोगामी म्हणवणारे राज्य या बाबतीत देशाच्या मागे आहे. वीस ते चोवीस वयाच्या बायकांना मागे वळून विचारले, तर राज्यात शंभरातल्या जवळजवळ बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले. आणि ही पाहणी करोनाच्या आधीची. त्यानंतर शाळा बंद राहिल्या आणि लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. जेवणावळीचा खर्च वाचतोय म्हणून गावोगाव पोरींचे हात पिवळे करून टाकले गेले. त्या वर्षांत उरकलेल्या लग्नांतली मुले आज अंगणवाडीत खिचडी खात आहेत.

सांगलीच्या विश्रामबागेत बसून हे सारे लांबचे वाटते. १९१९ चे विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ चे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय इथे आहेत. सकाळी स्टेशनापासून शंभर फुटी रस्त्यापर्यंत तोंडाला स्कार्फ बांधून दुचाकीवरून क्लासला निघालेल्या मुलींची रीघ लागते. या मुलींच्या आया सांगतात, की आमच्या वेळी असे नव्हते, आणि ते खरेही आहे. म्हणून इथला सुशिक्षित माणूस बालविवाहाचा विषय निघाला की पूर्वेकडे बोट दाखवतो. ते जतकडे, आटपाडीकडे, बीडकडे. पण सांगली-मिरज रस्त्याने हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात आणि इथल्या चहात साखर पडते. तो ऊस तोडायला कोण आले, जोडीने का आले आणि त्या जोडीतल्या बाईचे वय काय, याचा हिशेब विश्रामबागेपर्यंत येऊन पोचतो.

कोयत्याचा व्यवहार साखरपट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तो नीट मांडायला हवा. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या गड्याला अर्धा कोयता धरतात. त्यामुळे पोराला कामावर लावायचे तर त्याला बायको हवी, आणि ती दिवाळीच्या आत हवी. पोरीच्या घरची अडचण याच्या उलट बाजूने येते. आईबाप पाच-सहा महिने फडात. वयात आलेली पोर गावात ठेवायची तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर, आणि सोबत न्यायची तर कोपीला दार नाही, मोरी नाही, अंधारात पाणंदीला जायचे. दोन्हीकडे जोखीम. मग स्थळ चालून आले की बाप म्हणतो, उजवून टाकू. हे त्याचे अज्ञान नसते. कायद्याने अठरा लागतात हे त्याला तुमच्या-आमच्याइतकेच माहीत असते. म्हणून तर पत्रिकेत तारीख असते पण जागा शेजारच्या गावातल्या देवळातली असते, आणि लग्न पहाटे लागते.

पुढच्या सहा-सात वर्षांत या मुलीचे काय होते, याची एक सरकारी नोंद उपलब्ध आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशये काढून टाकल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. त्यात पंचविशी-तिशीतल्या बायकाही होत्या. वर्तमानपत्रांनी तेव्हा लोभी डॉक्टर आणि खाडा पडला की दंड लावणारा मुकादम यांच्यावर लिहिले, ते योग्यच होते. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी पहिले बाळंतपण, पाठोपाठ दुसरे-तिसरे, बाविशीत नसबंदी, मोळ्या वाहून अंग बाहेर आलेले, पाण्याअभावी पांढऱ्या पाण्याचा त्रास, असा तो क्रम आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती येते तोवर तिच्या शरीराचा निकाल लग्नाच्या मांडवात लागलेला असतो.

मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून सांगली-मिरज ही दोन्ही गावे दवाखान्यांची म्हणून ओळखली जातात. कर्नाटकातून, कोकणातून लोक इथे येतात. एखाद्या प्रसूती विभागाच्या बाह्यरुग्ण खिडकीपाशी तासभर उभे राहावे. हिरवा चुडा अजून उतरलेला नाही अशी एक मुलगी सासूच्या मागे उभी असते. केसपेपर लिहिणारी विचारते, वय किती? मुलगी तोंड उघडण्याआधी सासू सांगते, "एकोणीस पूर्ण." आधार कार्ड घरी राहिलेले असते. शिक्षण? "धावी झालीय." वजन चाळीसच्या आत, हिमोग्लोबिन आठच्या आसपास. लोहाच्या गोळ्या लिहून मिळतात. त्या घेतल्या की मळमळते आणि शौचाला काळे होते, म्हणून दोन दिवसांत त्या गादीखाली जातात. सिस्टरला हे सगळे माहीत असते. नुकतीच दहावी झालेली मुलगी एकोणीसची कशी, हे गणित तिलाही येते. पण ती कागदावर १९ लिहिते, कारण १७ लिहिले तर पुढे काय होते हेही तिला माहीत असते.

पुढे काय होते? २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठराच्या आतल्या मुलीच्या संमतीला अर्थ ठेवलेला नाही, आणि असा प्रकार कळला की पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक केले. न कळवणाऱ्यालाही शिक्षा आहे. २०१७ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने पत्नी अठराच्या आतली असेल तर तिच्याशी ठेवलेला संबंधही बलात्कार ठरवला. मंगळसूत्राने वय वाढत नाही हे न्यायालयाने सांगितले, आणि ते सांगणे आवश्यकच होते. पण त्याचा एक परिणाम त्या खिडकीपाशी दिसतो. खरे वय सांगितले तर नवरा आत जाणार. मग घरचे एक तर खोटे सांगतात किंवा दवाखान्याचे तोंडच बघत नाहीत. ज्या बाळंतपणात झटके येण्याचा, रक्तस्रावाचा, मूल अडण्याचा, अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोच्या आतले मूल होण्याचा धोका जास्त असतो, त्याचीच नोंद उशिरा होते आणि वय चुकीचे लिहिले जाते. डॉक्टर एकोणीसची म्हणून तिला तपासतो. धोका मात्र सोळाचा असतो.

सरकारी मदतीचेही तेच. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये मिळतात, पण वय अठरा वर्षे सात महिन्यांच्या पुढे असावे लागते. अट समजण्यासारखी आहे. बालविवाहाला सरकारने पैसे का द्यावेत? पण मग जिला अंडी, दूध, विश्रांती सर्वांत जास्त हवी, तिचे नाव यादीतून गळते.

आता याच वयाची दुसरी मुलगी घेऊ. हिचे लग्न झालेले नाही. गावातला पोरगा, नात्यातला कोणी, शेजारी किंवा शिकवणीचा मास्तर, बहुतेक वेळा कोणी तरी ओळखीचाच. पाळी चुकल्याचे तिला कळते तेव्हा कुणाला सांगावे हे कळत नाही. घरात कळते ते पोट दिसायला लागल्यावर. कायदा या मुलीच्या बाजूने आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुलीची आणि पालकाची इच्छा असेल तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. हा निकाल किती तालुक्यांतल्या किती डॉक्टरांच्या टेबलावर पोचला? बहुतेक ठिकाणी पहिले वाक्य अजून तेच असते, "आधी पोलीस केस करून या." मग मेडिकलमधून चोरून आणलेल्या गोळ्या, नाही तर रात्रीच्या वेळी उघडणारा कुठला तरी दवाखाना. आणि चोवीस आठवडे उलटले तर उच्च न्यायालयाची पायरी, किंवा घाईघाईने केलेले लग्न.

एकीची ओटी भरली जाते, दुसरीला पोतेऱ्यासारखे कोपऱ्यात लपवले जाते. दोघींचे वय एक, हाडे तेवढीच कोवळी, हिमोग्लोबिन तेवढेच कमी. पहिलीच्या डोहाळजेवणाला विश्रामबागेतली नातलग मंडळीसुद्धा आहेर घेऊन जातात. कुमारी मातांविषयी आपण हळहळतो आणि विवाहित बालमातांना पेढे वाटतो. समाजाला काळजी वाटते ती मुलीच्या जिवाची की घराच्या अब्रूची, हे या दोन मुलींना शेजारी उभे केल्याशिवाय कळत नाही.

फुल्यांची आठवण इथे खरी उपयोगी पडते. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ज्या विधवांसाठी ते होते, त्यांतल्या अनेकजणी बालपणीच लग्न लागून बालपणीच विधवा झालेल्या. त्या घराची अट एवढीच होती, की या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवा. आलेल्या बाईला कुणी जबाब विचारला नाही. १८७४ मध्ये फुले दांपत्याने अशाच एका मुलाला दत्तक घेतले, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. दीडशे वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने नाव न विचारण्याची जी मुभा दिली, ती पुण्यातल्या एका माळ्याच्या घरात आधीच चालू होती. आणि सावित्रीबाईंचे स्वतःचे लग्न नवव्या वर्षी झाले होते. त्या काळाच्या रूढीतच त्या घडल्या, तरी दुसऱ्या मुलींना त्या रूढीतून बाहेर काढायला आयुष्य घातले. आजच्या पुतळ्याभोवतीच्या भाषणांत १८६३ चा उल्लेख किती वक्ते करतात, ते बघण्यासारखे असेल.

आपल्या भागाला हा विषय परका नाही. सांगलीच्या अगदी काठावर हरिपूर आहे. गोविंद बल्लाळ देवल तिथले. त्यांचे 'संगीत शारदा' १८९९ साली आले आणि चौदा वर्षांच्या मुलीला पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणाऱ्या बापाला त्यांनी रंगभूमीवर उभे केले. टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर यांनी त्याआधी, १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी, संमतीचे वय दहावरून बारावर नेण्याची बाजू घेतली. बारा! तेवढ्यासाठीही महाराष्ट्र उभा फाटला होता. लोकमान्य टिळक विरोधात होते. १९२९ च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, १९४९ मध्ये पंधरा झाले, १९७८ मध्ये अठरा. २०२१ च्या डिसेंबरात ते एकवीस करण्याचे विधेयक संसदेत आले आणि लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळले. ते बारगळले याचे फार दुःख करण्याचे कारण नाही. अठराचा आकडा जिथे पाळला जात नाही, तिथे एकवीसचा आकडा फक्त खोटे बोलणाऱ्या सासूंची संख्या वाढवील.

देवलांच्या नाटकातला कांचनभट मुलीचे पैसे घेत होता. आजचा बाप पैसे देतो. मुलगी जितकी शिकते आणि जितकी वाढते, तितका जावई महाग होतो. दहावीतल्या मुलीला "पोरगी आणि नारळ द्या" म्हणणारे मिळतात. बी.एस्सी. झालेलीला नोकरीवाला बघावा लागतो आणि त्याचा दर वेगळा असतो. दुष्काळी पट्ट्यातल्या दोन एकरवाल्याने या हिशेबात लवकर लग्न निवडले, तर ते त्याच्या दृष्टीने तोट्याचे नसते. तोटा मुलीच्या खात्यावर पडतो आणि ते खाते घरात कुणी उघडून बघत नाही.

नारळावर मुलगी मागणारे एवढे वाढले का, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात पुरले आहे. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या. राज्यातल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी तो एक होता. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले, तेव्हा देशभर सांगलीचे नाव झाले. ज्या मुली जन्मल्याच नाहीत, त्यांच्या वाटणीचे नवरदेव आता तिशी ओलांडून पारावर बसलेले आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तर अशा मुलांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला. लोक हसले. पण या टंचाईचे ओझे पडते ते जन्मलेल्या मुलींवर. श्रीमंत गावाला सुना कमी पडल्या की ते गरीब गावाच्या शाळेतून त्या उचलते. मध्यस्थ असतात, लग्नाचा खर्च मुलाकडचे करतात, बापाच्या हातावर थोडे टेकवतात. खानापूर-आटपाडीकडची सोन्या-चांदीच्या गलाईची माणसे देशभर पसरलेली. तसल्या स्थळी दिलेली सतरा वर्षांची मुलगी दोन हजार किलोमीटरवरच्या परक्या शहरात, परक्या भाषेत पहिले दिवस जाण्याला सामोरी जाते, आणि तिची आई फोनवर "सोसायचं असतंय" म्हणते. गर्भलिंगनिदान आणि बालमातृत्व हे दोन विभागांचे, दोन फायलींचे विषय नाहीत. एकाच घराने दोन वेळा केलेला तो एकच हिशेब आहे.

पालकांच्या मनातली सर्वांत मोठी भीती मात्र यापैकी कशाचीच नसते. ती असते पोरगी पळून जाईल याची. हातात मोबाईल आला, कुणाचा तरी फोन येतो असे भावाला दिसले, की आठ दिवसांत शाळा बंद आणि महिन्याभरात साखरपुडा. ज्या मुली खरोखर निघून जातात, त्यांतल्या अनेक जणी ठरवलेले लग्न टाळण्यासाठी जातात, ही यातली खोच. मग वीस वर्षांचा मुलगा पोक्सोखाली तुरुंगात, सतरा वर्षांची मुलगी बालगृहात, आणि तिच्या मांडीवरच्या बाळाला कोणाचे नाव लावायचे यावर दोन्ही घरांची भांडणे. लैंगिक अत्याचाऱ्याला आणि वर्गमित्राला कायदा एकाच मापाने मोजतो, यावर न्यायालयांनीच अनेकदा बोट ठेवले आहे. संसदेने यात लक्ष घालायला हवे. त्यात मुलींच्या संरक्षणाची धार बोथट होऊ नये, हे अवघड आहे, पण अशक्य नाही.

मुलांना शरीराविषयी सांगायचे कुणी, हा प्रश्न आपण १९२१ पासून टाळतो आहोत. त्या वर्षी र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले, खटले अंगावर घेतले आणि १९५३ मध्ये मासिक त्यांच्याबरोबरच संपले. शाळांत किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला तर २००७ मध्ये महाराष्ट्रानेही त्यावर बंदी घातली. आज काही सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठी 'मैत्री' क्लिनिक आहे. पाटी असते, खोली असते. पण गावातली मुलगी त्या खोलीत शिरताना शेजारच्या काकूने पाहिले तर काय, याचा विचार पाटी लावणाऱ्याने केलेला नसतो. तोवर सगळे शिक्षण यूट्यूबकडे सोपवलेले आहे, आणि तिथला अभ्यासक्रम आपल्याला ठाऊक आहे.

पैशाचे म्हणाल तर सरकार देते, पण कुठे देते ते पाहा. 'लेक लाडकी' योजनेत पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवरच्या घरात १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलीला एकूण एक लाख एक हजार रुपये मिळायचे आहेत. अकरावीत गेल्यावर आठ हजार आणि अठरा पूर्ण झाल्यावर पंचाहत्तर हजार. दहावीनंतरची दोन वर्षे हाच खरा घसरणीचा उतार आणि तिथे आठ हजार! पंचाहत्तर हजार मिळतात त्या वयात पैसे मंडपवाल्याकडे जाण्याचीच शक्यता जास्त. २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या, आरक्षित आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ आहे. उत्तम निर्णय. विश्रामबागेतल्या मुलीला त्याचा लाभ होईल. जतच्या पूर्व भागातली मुलगी अकरावीच्या वर्गातच पोचली नाही, तर माफ कुणाची करणार? एसटीचा अहिल्याबाई होळकर मोफत पास तिच्याकडे आहे. अडचण तिकिटाची नव्हतीच. कॉलेज सुटल्यावर गावाकडे जाणारी गाडी अंधार पडायच्या आत आहे का, ही आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे ठरली, निम्मी मुलींची. जिथे मुलींची वसतिगृहे खरोखर चालू आहेत, तिथे आईबाप पोरीला ठेवून फडात जातात. म्हणजे बापाला लग्नाचीच हौस होती असे नव्हे. कुलूप असलेले एक दार हवे होते.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार आपल्या राज्यात गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. त्याला गावात घरपट्टी वसूल करायची असते, सरपंचाशी जुळवून घ्यायचे असते आणि सरपंचाच्याच भावकीतले लग्न थांबवायचे असते. शिवाय लागलेले लग्न आपल्याकडे आपोआप रद्द होत नाही. मुलीने स्वतः न्यायालयात जावे लागते, तेही विसावे वर्ष पूर्ण होण्याच्या आत. म्हैसाळ ओलांडून कागवाडला गेलात तर कायदा बदलतो. कर्नाटकाने २०१७ मध्ये दुरुस्ती करून असे लग्न मुळातच शून्य ठरवले आहे. सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांनी शेजाऱ्याकडून एवढी एक गोष्ट उचलायला हरकत नव्हती. अर्थात लग्न शून्य ठरवले तरी त्यातले मूल आणि मुलीची पोटगी यांची सोय कायद्यात पक्की हवी, नाही तर रद्दबातल होईल ती मुलगीच.

गावाने मनावर घेतले तर काय होते, हे कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावने दाखवले आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि मुलांच्या अभ्यासासाठी घरोघरचे टीव्ही-मोबाईल दीड तास बंद होतात. सांगलीच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने त्याच वर्षी विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि राज्य सरकारला त्याची दखल घ्यावी लागली. ज्या ग्रामसभांना हे जमले, त्यांना अठराच्या आतल्या लग्नाला गावातला कोणीही अक्षता टाकायला जाणार नाही, असा ठराव अवघड नाही. अक्षय्य तृतीया आता फार लांब नाही. मंगल कार्यालयवाले, भटजी, बँडवाले, आचारी, पत्रिका छापणारे या सगळ्यांना कायद्याने दोन वर्षांपर्यंतची कैद आणि एक लाखापर्यंतचा दंड आहे. आगाऊ रक्कम घेताना यांनी शाळा सोडल्याचा दाखला मागायला सुरुवात केली पाहिजे. आधार कार्डावर जन्मतारीख बदलून घेता येते, शाळेच्या पटावर तितक्या सहज येत नाही.

आणि शाळेच्या पटावरच सर्वांत सोपे काम होण्यासारखे आहे. दहावीचा निकाल कोल्हापूर विभागीय मंडळ लावते. त्यात पास आणि नापास दोन्ही मुलींची नावे असतात. जुलैच्या सुमारास अकरावी, आयटीआय, पॉलिटेक्निकचे प्रवेश आणि नापासांचे पुरवणी परीक्षेचे अर्ज झालेले असतात. या दोन याद्या मुख्याध्यापकांनी समोरासमोर ठेवाव्यात आणि जी मुलगी दुसऱ्या यादीत कुठेच नाही, तिच्या घरी आठवड्याच्या आत वर्गशिक्षिका आणि आशाताईंनी जावे. लग्न ठरले असेल तर ते तेव्हाच कळेल. झाले असेल तर निदान दिवस जाण्याआधी तिच्याशी बोलणे होईल आणि पुरवणीचा किंवा बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा अर्ज तिच्या हातात पडेल. स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या मुलांच्या याद्या शिक्षक तसेही करतात. त्यात एक रकाना वाढेल. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या तीन तालुक्यांपासून जिल्हा परिषदेने येत्या जुलैत हे सुरू करावे आणि घराघरांत जाऊन काय आढळले, ते आकडे ऑगस्टच्या सर्वसाधारण सभेत मांडावेत.